घरच्या गाण्यांचा गाळा: एका जुन्या गिऱ्हाइकाने केलेले यूट्यूबचे परीक्षण

यूट्यूबवर माणूस कुकरची रिंग कशी बदलावी हे पाहायला जातो, कीर्तन ऐकायला जातो, परीक्षेच्या आदल्या रात्री त्रिकोणमिती शिकायला जातो आणि मुलाला भरवताना बालगीतेही तेथूनच लावतो. त्यामुळे या सेवेचे सरसकट परीक्षण करायचे म्हटले, तर ते आठवडी बाजाराचे परीक्षण केल्यासारखे होईल. भाजी ताजी होती आणि बैल महाग होते, यापलीकडे काही हाती लागणार नाही. म्हणून या बाजारातला एकच गाळा मी निवडला आहे. ज्यांच्यामागे स्टुडिओ नाही, मोठा पैसा नाही आणि छायाचित्रणाचा ताफा नाही, अशा लोकांनी घरात, अंगणात किंवा झोपायच्या खोलीत बसून केलेले आणि तरीही लाखो-कोट्यवधी लोकांनी पाहिलेले गाण्यांचे व्हिडिओ, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. अशा गाण्यांसाठी ही सेवा कितपत उपयोगी आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजावेत का, हे पाहण्यासाठी दिवाळीच्या आसपासचे तीन आठवडे मी ती ठरवून वापरली. पहिले दहा दिवस फुकटची आणि पुढचे दिवस महिन्याचे १४९ रुपये भरून, काही वेळा फोनवर इयरफोन लावून आणि काही वेळा गावच्या घरातल्या टीव्हीवर, सगळ्यांच्या शेरेबाजीसकट.

सुरुवात अर्थातच ट्रेडमिलवरच्या, म्हणजे जागच्या जागी धावायच्या व्यायामयंत्रावरच्या, त्या गाजलेल्या नाचापासून केली. ‘ओके गो’ हा अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९९८ मध्ये सुरू झालेला चार जणांचा बँड. २००५ मध्ये या चौघांनी आपला गायक डेमियन कुलाश याच्या घरामागच्या अंगणात एक नाच बसवला आणि तो साध्या कॅमेऱ्याने एका दमात चित्रित केला. नाच बसवून देणारी त्याची सख्खी बहीण ट्रिश सी होती, म्हणजे प्रकरण अक्षरशः घरचेच होते. तो व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला, आपापल्या लग्नांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्याची नक्कल केली, आणि मग पुढच्या वर्षी बहीण-भावंडांनी आठ ट्रेडमिल फ्लोरिडातल्या तिच्या घरी आणून दोन रांगांत मांडल्या. ३१ जुलै २००६ रोजी तो व्हिडिओ यूट्यूबवर आला, तेव्हा यूट्यूब स्वतःच जेमतेम दीड वर्षाचे होते आणि गूगलने ते १६५ कोटी डॉलरला विकत घेण्याला अजून दोन महिने बाकी होते.

आता हा व्हिडिओ पुन्हा पाहताना जाणवते ते असे, की त्यात कॅमेरा काहीही करत नाही. तो समोर ठेवला आहे आणि शेवटपर्यंत तसाच आहे. कापाकापी नाही, जवळून घेतलेला चेहरा नाही, दिव्यांची करामत नाही. सरकत्या पट्ट्यांवरून चार पुरुष घसरतात, उड्या मारतात, एकमेकांच्या पायांमधून जातात, आणि एकाचे पाऊल अर्ध्या मात्रेने उशिरा पडले तर तिघे कोसळणार आहेत हे पाहणाऱ्याला पहिल्या वीस सेकंदांतच कळते. पुढची अडीच मिनिटे आपण गाणे ऐकत नसतो, तर कोणी पडते का हे पाहत असतो, आणि गाणे न सांगता कानात जाऊन बसते. सलग एकच टेक हवा होता, आणि तो सतराव्या प्रयत्नात साधला. ही माहिती मी जेवताना सांगितली, तेव्हा आईने पान वाढता वाढता विचारले, “मग आधीचे सोळा कुठे आहेत? ते दाखवा की.” २००७ मध्ये या व्हिडिओला ग्रॅमी मिळाले खरे, पण आईचा प्रश्न मला त्या पुरस्कारापेक्षा अधिक नेमका वाटतो, कारण घरच्या व्हिडिओंची सगळी गोडी तेथेच आहे. ते कसे केले असेल, हे आपल्याला दिसते, निदान दिसल्यासारखे वाटते, आणि आपल्यालाही जमेल असा एक सुखद गैरसमज होतो.

याच निकषावर मी बाकीचे व्हिडिओ तपासले: जो आवाज ऐकू येतो आहे, तो कोणत्या हाताने काढला हे दिसते का? गंमत अशी की या निकषावर ट्रेडमिलचा व्हिडिओच नापास होतो. त्यात गाताना दिसणारा टिम नॉर्डविंड हा बँडचा बास गिटार वाजवणारा आहे. आवाज कुलाशचा आहे आणि टिम नुसते ओठ हलवतो आहे. नाच खरा, घाम खरा, गाणे मात्र आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले.

या निकषाला नियमाचे रूप दिले ते कॅलिफोर्नियातल्या ‘पॉम्पलमूस’ या जोडीने. जॅक कॉन्टे आणि नॅटली डॉन यांनी २००८ च्या सुमारास आपल्या घरात बसून गाणी करायला सुरुवात केली आणि त्या प्रकाराला ‘व्हिडिओसाँग’ असे नाव दिले. त्याचे नियम दोनच होते. जे दिसते तेच ऐकू आले पाहिजे, म्हणजे नुसते ओठ हलवणे किंवा वाद्याचा खोटा अभिनय चालणार नाही. आणि जे ऐकू येते ते गाण्यात कोठे ना कोठे एकदा दिसलेच पाहिजे, म्हणजे पडद्याआड लपवलेला एकही आवाज चालणार नाही. पडद्याचे तुकडे पाडून एका तुकड्यात नॅटली गाते, दुसऱ्यात तीच स्वतःला साथ देते, तिसऱ्यात जॅक एखाद्या खेळण्यातल्या पियानोवर दोन सूर वाजवून गायब होतो. तिचा चेहरा निर्विकार आणि त्याची मान मात्र सतत हलणारी. पाहणाऱ्याला त्यातून ध्वनिमुद्रण म्हणजे काय असते याचा धडाच मिळतो. चित्रपटातल्या गाण्यात चाळीस व्हायोलिने कोठून येतात हे कोणी विचारत नाही; येथे एक घुंगरू वाजले तरी ते कोणाच्या हातात आहे हे दाखवावे लागते.

नियम वाचायला सोपे वाटतात, म्हणून आम्ही ते साताऱ्याकडच्या आमच्या घरी करून पाहिले. सेवेचे परीक्षण करायचे तर केवळ पाहणाऱ्याच्या बाजूने का करावे, व्हिडिओ चढवणाऱ्याच्या बाजूनेही करावे, असा त्यामागे विचार होता. आजी म्हणायची ती जात्यावरची एक ओवी निवडली. माजघरात जाते अजून आहे, खुंटाही शाबूत आहे. बहीण गाणार, आई दळणार, भाचा तबला वाजवणार आणि मी पेटी. पुण्याच्या एका दुकानातून यासाठी मुद्दाम आणलेला कॉलरचा माइक दुसऱ्याच दिवशी एका कानात खरखरू लागला आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण गप्प झाला. दुकानदाराने पावती मागितली, जी त्याने दिलीच नव्हती. मग उरलेले सगळे काम फोनच्या माइकवर केले आणि फार काही बिघडले नाही.

बिघडले ते लयीचे. जात्याची घरघर तानपुऱ्यासारखी अखंड आहे, असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात मूठभर दाणे तोंडात पडले की जाते जड होते आणि लय अंमळ बसते, दाणे सरले की ते हलके होऊन पळते. ओवी म्हणणारी बाई हे बरोबर सांभाळते, कारण तिचाच हात खुंट्यावर असतो. भाच्याने मात्र फोनवरच्या लेहऱ्याच्या, म्हणजे तालासाठी फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या, ॲपवर लय पक्की धरून आधी तबला वाजवून ठेवला होता, आणि दोन्ही एकत्र केल्यावर तिसऱ्याच ओळीला डग्गा एकीकडे आणि दाणे एकीकडे अशी अवस्था झाली. शेवटी क्रम उलटा केला. आधी जाते आणि गाणे एकाच टेकमध्ये, मग ते कानात ऐकत तबला, आणि सर्वांत शेवटी पेटी. प्रत्येक टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक ठसठशीत टाळी वाजवायची, म्हणजे नंतर जुळवताना आवाजाच्या आलेखातले ते टोक एकाखाली एक आणता येते. ही युक्ती जुनीच आहे, पण ती का लागते हे चार तुकडे जुळवायला बसेपर्यंत मला उमगले नव्हते.

दुसऱ्या नियमाने तर फारच छळले. सगळे झाल्यावर ऐकले तेव्हा गाण्याखाली एक मंद फरफर सतत येत होती. तो माजघरातला पंखा होता, जो आई दळताना घामेघूम होते म्हणून कोणीतरी एक नंबरवर ठेवला होता. आवाज काढून टाकावा तर ओवीतला श्वासही त्याच्याबरोबर जात होता. जे ऐकू येते ते दिसलेच पाहिजे, या नियमाचा मान राखून आम्ही पंखाही पडद्यावर आणला. चौथ्या चौकटीत, वर उजवीकडे.

या खटाटोपानंतर नॉर्वेच्या लासे येर्ट्सनचा २००६ मधला जुना व्हिडिओ पाहिला, तेव्हा त्याची किंमत वेगळीच कळली. या तरुणाला ना ड्रम वाजवता येत होते ना पियानो, हे त्याने स्वतःच सांगून टाकले आहे. त्याने ड्रमवर एक आघात केला आणि टिपला, दुसरा केला आणि टिपला, पियानोचे सूर एकेक करून टिपले, आणि मग व्हिडिओ जोडायच्या प्रोग्रॅममध्ये ते शेकडो कण मांडून त्यांचे गाणे केले. पडद्यावर तो वाजवताना दिसतो, पण त्याचे हात हिसके मारल्यासारखे हलतात, कारण प्रत्येक सूर वेगळ्या क्षणाचा आहे. डोळे मात्र सरळ तुमच्याकडे, काहीसे कंटाळलेले. वाद्य येत नसताना संगीत करता येते, असा दावा पुढे पुष्कळांनी केला. पण येथे त्या दाव्याचा कच्चा हिशेबही डोळ्यांसमोर मांडलेला आहे. माझ्या भाच्याने तो सलग तीनदा पाहिला आणि मग आपल्या तबल्याकडे जरा संशयाने पाहिले.

मात्र या गाळ्यातली सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते इस्रायली संगीतकार कुटिमान याची आहे, आणि तिच्यासाठी या सेवेला पूर्ण गुण द्यायला मी तयार आहे. मार्च २००९ मध्ये त्याने ‘थ्रू यू’ या नावाने सात गाण्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यातला एकही सूर त्याने स्वतः ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. यूट्यूबवर जगभरच्या अनोळखी लोकांनी चढवलेले व्हिडिओ त्याने वेचले: कोणी गिटारचा धडा देतो आहे, कोणी नवीन घेतलेले वाद्य दाखवतो आहे, कोणी आपल्या खोलीत एकटेच गाते आहे. या लोकांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते. त्यांचे तुकडे कापून, एकावर एक ठेवून त्याने एक बँड उभा केला, ज्याला आपण बँड आहोत याचा पत्ताच नव्हता.

पहिल्या गाण्याच्या आरंभी अमेरिकेतले ज्येष्ठ ड्रमवादक बर्नार्ड पर्डी आपला ठेका समजावून सांगताना दिसतात. ठेका सुरू होतो, आणि मग एकेक वादक येत जातो. आपल्याकडे मैफलीत साथीदार जसा समेवर येऊन मिळतो, तशी ही मंडळी येऊन मिळतात, फक्त प्रत्येकाच्या मागची भिंत वेगळी आहे. कोणाच्या मागे कपड्यांचे कपाट आहे, कोणाच्या मागे न आवरलेला पलंग. चित्रांचा दर्जा त्या काळाचा, म्हणजे धुरकट. पण तो धुरकटपणाच आज त्या गाण्याचा ऐवज झाला आहे, कारण २००९ मध्ये घराघरांतला माणूस वेबकॅमपुढे कसा बसायचा याची इतकी प्रामाणिक नोंद दुसरीकडे मिळणार नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या ५० उत्तम शोधांत या कामाचा समावेश केला होता. संगीताला शोधांच्या यादीत बसवणे मला तेव्हा चमत्कारिक वाटले होते. आता तितकेसे वाटत नाही.

कुटिमानने आणखी एक गोष्ट केली, जी या सेवेचे बहुतेक वापरकर्ते करत नाहीत. ज्या ज्या व्हिडिओतून त्याने तुकडा घेतला, त्या प्रत्येकाची यादी त्याने गाण्याबरोबर दिली. म्हणजे ऐकताना एखादी बासरी आवडली, तर तुम्ही त्या बासरीवाल्याच्या घरी जाऊ शकता आणि त्याचा पूर्ण व्हिडिओ पाहू शकता. पुढे २०१४ मध्ये त्याने याच पद्धतीने दुसरा खंड केला. त्यात न्यू ऑर्लीन्समध्ये राहणारी आणि ‘प्रिन्सेस शॉ’ या नावाने वाद्यांशिवाय गाणी चढवणारी, वृद्धांची देखभाल करणारी एक सेविका गाते. तिला मोजके श्रोते होते आणि आपल्या आवाजाभोवती कोणी वाद्यवृंद बांधतो आहे याची तिला गाणे प्रसिद्ध होईपर्यंत कल्पना नव्हती. २०१२ मध्ये तर हे चक्र पुरे फिरले. गोटिए या ऑस्ट्रेलियातल्या गायकाच्या गाण्याची घरोघर इतकी रूपे तयार झाली, की कुटिमानपासून स्फूर्ती घेऊन त्याने स्वतःच त्या साऱ्या रूपांचे तुकडे जुळवून आपल्याच गाण्याचा नवा व्हिडिओ केला. त्या रूपांपैकी सर्वांत गाजलेले कॅनडातल्या ‘वॉक ऑफ दि अर्थ’ या बँडचे: एक गिटार, तिच्यावर पाच जण, आणि त्यांतलाच एक कडेला निर्विकार उभा असलेला दाढीवाला.

आता तक्रारी. यांतली कोणतीही नवी नाही, पण या गाळ्यापुरत्या त्या महत्त्वाच्या आहेत. पहिली तक्रार वर्णनाच्या जागेबद्दल आहे. कोणी वाजवले, कोठे टिपले, कोणाचा तुकडा घेतला, हा सारा तपशील जेथे असतो ते वर्णन फोनवर मुडपून ठेवलेले असते आणि दाबल्याशिवाय उघडत नाही. एकूण व्ह्यूजचा आकडा मात्र समोर दिसतो. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या पाकिटावर तबल्याच्या साथीला कोण आहे हे छापलेले असायचे आणि ते पाकीट हातात धरूनच आपण ऐकायचो. येथे पाकीट आहे, पण ते फडताळात ठेवले आहे. दुसरी तक्रार अशी, की एकासारखे दुसरे सुचवण्याची या सेवेची रीत विषय ओळखते, कारागिरी ओळखत नाही. पॉम्पलमूसचे एखादे गाणे पाहिल्यावर त्याच मूळ गाण्याची आणखी दहा रूपे पुढ्यात येतात. पण तितक्याच चिकाटीने घरात बसून काहीतरी वेगळे जुळवणारा दुसरा कोणी हवा असेल, तर तो नाव माहीत असल्याशिवाय सापडणे कठीण.

पैशाचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो वर्षानुवर्षे तसाच आहे. ट्रेडमिलच्या व्हिडिओने ओके गोला जगभर नेले, पण २०१० मध्ये कुलाशने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून जी कैफियत मांडली ती वाचण्यासारखी आहे. त्यांची ध्वनिमुद्रण कंपनी ईएमआय हिने यूट्यूबचे व्हिडिओ दुसऱ्या संकेतस्थळांवर लावण्याची सोय बंद केली, कारण तेथे पाहिलेल्या व्हिडिओचे पैसे कंपनीला मिळत नव्हते. परिणामी त्या व्हिडिओचे दिवसाचे व्ह्यूज सुमारे दहा हजारांवरून हजारावर आले, म्हणजे नव्वद टक्के घटले. आणि सहा महिन्यांच्या हिशेबात बँडच्या खात्यावर जमा झाले २७ डॉलर ७७ सेंट. पुढच्याच महिन्यात बँडने कंपनी सोडली. ट्रेडमिलनंतरचे त्यांचे व्हिडिओ अचाट आहेत. एका विमा कंपनीच्या पैशाने गोदामभर पसरलेले यंत्र त्यांनी चालवले, एका रशियन विमान कंपनीच्या मदतीने ते वजनरहित अवस्थेत तरंगले. पण अंगण केव्हाच मागे पडले, आणि माझ्या परीक्षणातून ते व्हिडिओ तेथेच गळले.

जॅक कॉन्टेची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. एका व्हिडिओसाठी त्याने सुमारे दहा हजार डॉलर आणि कित्येक आठवडे घातले, आणि जाहिरातींतून त्याच्या तुलनेत काहीच परत येणार नाही हे त्याला तो व्हिडिओ संपवण्याआधीच दिसत होते. २०१३ मध्ये त्याने सॅम याम या मित्राबरोबर ‘पेट्रिऑन’ सुरू केले, जेथे चाहते कलावंताला दरमहा थेट पैसे देतात. घरच्या गाण्यांच्या सर्वांत निष्ठावान कारागिरांपैकी एकाला पोटासाठी वेगळे दुकान काढावे लागले, हे या सेवेच्या प्रगतिपुस्तकावरचे लाल शाईतले वाक्य आहे.

आपल्याकडच्या मालाकडे वळलो तर २०२० हे वर्ष मध्यभागी उभे आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने आपले शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, सर्वांत आधी भारतातच सुरू केले. या दोन तारखांच्या मधल्या ऑगस्टात, सगळे घरात कोंडलेले असताना, यशराज मुखाटे या संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या तरुणाने एका हिंदी मालिकेतल्या सासूच्या संवादाला चाल लावली. स्वयंपाकघरात कोण होते, एवढाच त्या संवादाचा विषय. संवादात लय आधीपासूनच होती आणि सासूबाईंनी ‘कौन था’वर दिलेला जोर हा जवळजवळ समेवरचाच होता, मुखाटेंचे कसब हे की त्यांनी तो ऐकला. तीन वर्षांपूर्वी संपलेल्या त्या मालिकेचे दुसरे पर्व ऑक्टोबर २०२० मध्ये वाहिनीवर आले, यावरून त्या दीड-एक मिनिटाने काय उलथापालथ केली याचा अंदाज यावा. कुटिमानने अनोळखी माणसांचे सूर जुळवले, मुखाटेंनी बोलण्यातला सूर शोधला. बीज एकच आहे. फक्त शॉर्ट्सच्या उभ्या चौकटीत आणि अंगठ्याच्या वेगात हे बीज रुजायला वेळ मिळत नाही. ट्रेडमिलच्या व्हिडिओतही पहिले काही सेकंद विशेष काही घडत नाही, आणि आजच्या अंगठ्यापुढे तो टिकला असता का, याची मला शंका आहे.

राहता राहिला १४९ रुपयांचा प्रश्न. प्रीमियमचे, म्हणजे यूट्यूबच्या पैसे भरून घ्यायच्या जाहिरातमुक्त योजनेचे, दर ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ झाले, तेव्हा घरोघरी त्यावर चर्चा झाली. दहा दिवस फुकटचे आणि उरलेले दिवस पैसे भरून पाहिल्यावर माझे मत असे झाले, की या गाळ्यापुरते पैसे भरण्याची गरज नाही. प्रीमियमची सर्वांत लाडकी सोय म्हणजे पडदा बंद ठेवूनही गाणे चालू राहणे. पण ज्या व्हिडिओंत हात दिसणे हाच आनंद आहे, ते पडदा बंद करून ऐकणे म्हणजे पंगतीत बसून उदबत्तीच्या वासावर समाधान मानणे आहे. उरली जाहिरात. मध्येच येणारी जाहिरात आठ मिनिटांहून छोट्या व्हिडिओत घालताच येत नाही, आणि वर सांगितलेले व्हिडिओ बहुतेक तीन-चार मिनिटांचे आहेत. सलग टेक मध्येच तुटण्याची भीती त्यामुळे नाही. आरंभी दोन जाहिराती सोसाव्यात आणि कामाला लागावे. सप्टेंबर २०२५ मध्ये ८९ रुपयांची जी लाइट योजना आली, तिच्यात तर संगीताच्या व्हिडिओंवरच्या जाहिराती वगळलेल्याच नाहीत, त्यामुळे ती या कामासाठी निरुपयोगी. त्याऐवजी एखाद्या आवडत्या कारागिराच्या पानावर महिन्याला तेवढीच रक्कम थेट टाकावी. मी टाकतो आहे.

पाहणाऱ्याच्या बाजूने मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, शोधण्याच्या सोयीला अडीच, आणि कारागिराला दिलेल्या वागणुकीला दोन. चढवणाऱ्याच्या बाजूने बोलायचे तर आमची ओवी चढवायला फुकट होती, कोणी नाव-गाव विचारले नाही, आणि फक्त दुवा असलेल्यांनाच दिसेल अशी ती ठेवता आली, जे आईला फार बरे वाटले. दुवा न्यू जर्सीतल्या मावशीपासून कराडच्या आत्यापर्यंत सगळ्यांना गेला. व्ह्यूज सध्या ६३ आहेत, त्यांतले निदान वीस आईचे असावेत, कारण दुसऱ्या मिनिटाला तिने जात्याचा हात बदलला तेथे लय हलली का, हे ती अजून तपासते आहे. खाली सहा प्रतिक्रिया आल्या आहेत. पाच जणांनी हात जोडले आहेत, आणि एका मावसभावाने विचारले आहे की पंखा कोण वाजवतो.